आक्कांचा तीळ

मित्रांनो, तुमच्या दप्तरात सहज मावेन एवढाच मी, पण अंग लोखंडाचे. सिनेमाच्या पट्ट्या कापून जोडणारे मी एक जुने यंत्र. पट्टीच्या कडेची छिद्रे माझ्या बारीक दात्यांत बसतात. पाते खाली आले की पट्टी कापली जाते, चिकटपट्टी दाबली की दुसरीला जुळते. कुठे कापायचे ते मात्र सिनेमाचे संकलन करणाऱ्या ताई ठरवायच्या.

त्यांच्याकडेच मी शिकलो की दोन चित्रांच्या मध्ये काहीच नसते. तिथला अर्थ पाहणाराच भरतो. म्हणून ताई कापण्याआधी कितीतरी वेळ नुसत्या बघत बसत.

एकदा एका सिनेमात आई मुलाला निरोप देते, असा प्रसंग होता. आईचे काम करणाऱ्या म्हाताऱ्या आक्का आजारी होत्या, म्हणून दोघांचे चेहरे वेगवेगळ्या दिवशी टिपले होते. आणि तिथेच घोळ झाला. एकमेकांकडे बघण्याऐवजी दोघेही उजवीकडेच बघत होते!

"निरोप कसला, दोघं बसची वाट बघताहेत!" दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. "आक्का आता पुन्हा उभ्या राहू शकत नाहीत. काढून टाका प्रसंग."

"त्यांचं हे शेवटचं काम आहे," ताई म्हणाल्या.

"मग काय करू? मान वळवू त्यांची?"

ताईंनी आक्कांची पट्टी उचलली, पालथी केली आणि माझ्या दात्यांवर बसवली. चित्र किंचित धूसर झाले, पण आक्का डावीकडे बघू लागल्या. थेट मुलाकडे.

दिग्दर्शक चित्राजवळ वाकला आणि ओरडला, "अहो, तीळ! डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे गेला!"

"त्या डोळ्यांपुढे तीळ कोण बघतंय?"

"आक्का बघतील. सोलून काढतील मला. तुम्हीच सांगा त्यांना."

जोडलेला सिनेमा बघायला आक्का चाकाच्या खुर्चीतून आल्या. निरोपाचा प्रसंग सुरू झाला तशा त्या पुढे झुकल्या. दिग्दर्शक दाराशी सरकला.

"माझा चेहरा उलटा केलात ना गं?"

"हो आक्का," ताई म्हणाल्या. "नाहीतर हा प्रसंग गेला असता."

आक्कांनी गालावरून बोट फिरवले. "आरशात रोज दिसते ती ही. इतकी वर्षं पडद्यावर मला कुणी तिसरीच बाई वाटायची. आज पहिल्यांदा मी दिसले." मग दाराकडे वळून म्हणाल्या, "पळतोस कुठे? परत दाखव!"

प्रसंग राहिला.

पुढे संगणक आले. चित्र उलटवणे आता क्षणाचे काम आहे. मी कपाटात पडून आहे, पाते गंजले आहे. तेलाचा एक थेंब कुणी दिला तर बरे वाटेल. पण मित्रांनो, खरे मागणे वेगळेच आहे. न जुळणारे काही हाती आले, तर फेकण्याआधी ते दुसऱ्या बाजूनेही बघा. आणि त्यात एखाद्या माणसाचा चेहरा असेल, तर आधी त्या माणसाला दाखवा.