इंजिनावरची सही

दादाने ठरवून दिलेली भाड्याची मोटरसायकल आठवड्यात दुसऱ्यांदा हान नदीच्या पुलावर बंद पडली, तेव्हा ल्यूचं डोकंच फिरलं. मागे आई बसलेली. डायलिसिसला उशीर झाला की तिला धाप लागायची. आता खात्रीची गाडी हवीच होती. बाबांची गाडी असती तर ही वेळच आली नसती, पण बाबा गेले आणि त्यानंतरच्या तेतच्या, म्हणजे नववर्षाच्या सणाच्या तोंडावर गाडी बाजारातून चोरीला गेली. निदान थुआनदादा तसं सांगत होता.

"साऊकाकांकडे तेवढी जाऊ नकोस," त्याने दहादा बजावलं होतं. "एक नंबरचा लबाड माणूस!"

पण आता दा नांगमधली भाड्याच्या गाड्यांची बाकीची दुकानं पालथी घालून झाली होती. ल्यू साऊकाकांच्या दुकानात गेली.

"ही लाल घे पोरी, नवीकोरी दिसते."

"रंग काय चाटायचाय मला? किक मारून दाखवा."

काका खो खो हसले. तिने एकेक गाडी ऐकली. थंड इंजिन पहिल्या किकला उठलं पाहिजे, हे बाबांनीच शिकवलेलं. कोपऱ्यातली काळी उठली.

"अस्सल माल आहे," काका म्हणाले. "विश्वास नसेल तर खोलून बघ."

तिने खरंच कव्हर काढलं. गॅरेजवाले चांगला पार्ट काढून नकली बसवतात, म्हणून इथला शहाणा माणूस गाडी दुरुस्तीला टाकताना इंजिनावर सही करून ठेवतो. हिच्यावरही होती, पांढऱ्या रंगात, शेवटच्या अक्षराला हे लांब शेपूट. त्या शेपटावरून ती बाबांना किती चिडवायची!

"काका, ही चोरीची आहे."

"तोंड सांभाळ! कागद आहेत माझ्याकडे. थुआनने स्वतः विकली, तेतच्या आधी. काळा रंग मी दिला."

गाडी माझ्यामागे ल्यूची, असं बाबा सगळ्यांसमोर बोलले होते. आणि हा दादा! तीन दिवस तिच्याबरोबर गाडी शोधत बाजार बाजार हिंडला होता मेला. रडू नकोस म्हणून उसाचा रस पाजला होता. तिने ओळखपत्र तारण ठेवलं आणि बाबांची गाडी भाड्याने घेतली. आता आईला सांगायचं. आई त्याची चामडी सोलेल, एवढाच विचार करत ती घरी आली.

आवाज ऐकूनच आई अनवाणी फाटकात आली होती. वीस वर्षं त्याच आवाजाला तिने फाटक उघडलं होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, ही कुठे मिळाली माहितीये? दादाने—"

आईने सीटवरून हात फिरवला. मान वर केली नाही.

"तो तर लांब सैगॉनला विकतो म्हणाला होता गं," ती पुटपुटली.

ल्यूने इंजिन बंद केलं नाही. डायलिसिसची वेळ झाली होती.

"बस," ती म्हणाली.