आमदारबाईंनी माझ्यात नवे सेल घातले

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. गच्चीवर बांधतात तो नव्हे. खांद्याला पट्टा अडकवून हातात धरायचा, मागून एकाने बोलायचं आणि पुढे सगळ्यांनी ऐकायचं, तसला. माझा लाल रंग उडाला आहे. कडेला एक पोचा आहे. पण आवाज? आवाजाचं विचारू नका, तो अजून ठणठणीत आहे!

कारखान्यात एका थकलेल्या बाईने माझ्यातून पहिला शब्द काढला, "हॅलो, चेक," आणि मला खोक्यात घातलं. मला वाटलं, जन्मभर आता एवढंच म्हणायचं. नशीब माझं की डहाणूच्या बाजारातून मला वर्षाने उचललं. ती तलासरीकडच्या पाड्यावरची मुलगी, अंगाने काडी आणि रागाने भट्टी. तिची मैत्रीण शुक्री नेहमी बरोबर असायची. वर्षा मुद्दे मांडायची, शुक्री घोषणा द्यायची. शुक्रीचा आवाज असा, की मला चालू तरी कशाला करतात, असा प्रश्न मला पडायचा.

काय दिवस होते ते! जंगलजमिनीचा मोर्चा, रेशनचा मोर्चा, रस्त्याचा मोर्चा. बाया पदरात भाकरी बांधून यायच्या, पोरं कडेवर घेऊन चालायच्या. "भोंगा आला," असं कुणी म्हटलं की साहेबांच्या कचेरीत खुर्च्या सरकल्याचा आवाज यायचा. माझा पोचा त्याच काळातला. मी तो दागिन्यासारखा मिरवतो.

मग वर्षा आमदार म्हणून निवडून आली. वर्षाची वर्षाताई झाली, आणि मी डहाणूच्या तिच्या ऑफिसात कपाटावर गेलो. दसऱ्याला माझ्यावर झेंडूचं फूल ठेवायचे. सत्कारात मिळालेल्या शाली माझ्या अंगावर चढत गेल्या, इतक्या की एप्रिलात मला घाम फुटायचा. एका कोळ्याने माझ्यात जाळं विणलं. खरं सांगू? मला त्याची सोबत बरी वाटली.

वर्षाताई मात्र बसून नव्हती हो. सरकारी दवाखान्यासाठी तिने विधानसभेत घसा कोरडा केला. आमच्या भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नवं ऑपरेशन थिएटर झालं. नाव सांगत नाही, उगाच कुणाला वाईट वाटायचं. चकचकीत टेबल, मोठे दिवे, एसी. सोमवारी फीत कापायची ठरली होती.

आणि शुक्रवारी शुक्री आली. चप्पल दारात, पदर कमरेला.

"वर्षे, भोंगा काढ."

"बस आधी. चहा घे. कशाला हवाय भोंगा?"

"मोर्चा काढायचाय."

"कोणावर?"

"तुझ्यावर."

ऑफिस सांभाळणाऱ्या देवेशच्या हातातला चहा बशीत सांडला. वर्षाताई हसली. शुक्री हसली नाही, तेव्हा तिचंही हसू थांबलं.

शुक्रीची मुलगी रूपी नववा महिना भरत होती. पहिलं मूल पोट उघडून काढावं लागलं होतं, तेही गाडीत हेलकावे खात, जिल्ह्याची नि राज्याची हद्द ओलांडून ती परक्या दवाखान्यात कशीबशी पोचली तेव्हा. आताही ऑपरेशनच लागणार, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. थिएटर तर समोरच होतं. पण भूल देणारा डॉक्टरच नव्हता.

"मी पाठपुरावा करतेय गं," वर्षाताई म्हणाली.

"तुझा पाठपुरावा वरीस न वरीस चालंल. रूपीचं पोर थांबनार नाय."

"ताई, आपलीच माणसं आपल्यावर मोर्चा काढणार?" देवेश कुजबुजला. "पेपरात काय येईल? भोंगा नादुरुस्त आहे म्हणून सांगू का?"

मित्रांनो, मी श्वास रोखला! वर्षाताई उठली. तिने स्वतः स्टूल ओढलं, शालींचा ढीग खाली लोटला, मला काढलं आणि पदराने पुसलं. कोळ्याला हळूच खिडकीबाहेर सोडलं. मग देवेशला म्हणाली, "पळत जा, नवे सेल आण. चांगले आण."

तिने ते एकेक करून माझ्यात घातले. बटण दाबलं. माझ्या अंगातून अशी झिणझिणी गेली म्हणता! जिच्याविरुद्ध मी बोलणार, तिनेच मला जिवंत केलं होतं. शुक्रीने मला खांद्याला लावलं आणि म्हणाली, "सोमवारी ये. मागं उभी राहू नको, समोर उभी राहा."

सोमवारी रुग्णालयाच्या फाटकाशी ही गर्दी! एकीकडे मांडव आणि रिबीन, दुसरीकडे शुक्री, मी आणि पाड्यापाड्यांवरच्या बाया. रूपीही पोट सावरत सावलीत बसली होती. फौजदार शैलेश पुढे आले आणि त्यांनी माझा पट्टा धरला.

"परवानगी कुठाय मावशी?"

"अर्ज दिला व्हता. तुमीच बोलला, वरनं येईल. आता वरचेच आले, इचारा त्यांना!"

वर्षाताई गाडीतून उतरत होती. फौजदार अदबीने म्हणाले, "मॅडम, तुमच्या विरोधात आहे. जप्त करतो, दोन मिनिटांत रस्ता मोकळा."

"सोडा तो पट्टा," वर्षाताई म्हणाली. "माझ्यावर मोर्चा आलाय म्हणूनच सोडा. दुसऱ्यावर आलेला सोडायला काय लागतं?" मग शुक्रीकडे वळली. "पण शुक्रे, आत आजारी माणसं निजलीत. फाटकात भोंगा नको. रस्त्यापलीकडे चिंचेखाली चल. तिथे हव्या तेवढ्या शिव्या घाल, मी ऐकते."

शुक्रीने क्षणभर विचार केला. "चला गं बायांनो," म्हणाली, "आजाऱ्याला तरास नको."

आणि आमदारबाई रिबीन तशीच ठेवून चिंचेखाली मातीत बसली! तिला बसलेली बघून जिल्ह्याहून आलेले मोठे डॉक्टर काशीनाथसुद्धा पँट वर ओढत बसले. शुक्री माझ्यातून बोलली आणि मी तिचा एक शब्द सांडू दिला नाही. "टेबलावरचं प्लास्टिक अजून निघालं नाय, आन फीत कापता? भूल कोन देनार? मी?"

हशा पिकला. मग तिने मला काशीनाथ डॉक्टरांच्या तोंडासमोर धरलं. बिचारे खरं बोलले. "जाहिरात देतो. माणूस येतो, राहायचं क्वार्टर बघतो आणि परत जातो. छत गळतंय, नळाला पाणी नाही."

वर्षाताईने हात पुढे केला. मग तिने मला हातात घेतलं. इतक्या काळाने तिचा आवाज माझ्यातून गेला, आणि मित्रांनो, मी शहारलो. "मशिनं मागितली, इमारत मागितली. डॉक्टर राहणार कुठे, ते दार मी कधी उघडून बघितलं नाही. तुम्ही रस्त्यावर बसला नसता तर आज फीत कापून घरी गेले असते. ज्या सरकारला मोर्चा नको, त्याला आजारही दिसत नाही. क्वार्टर आधी दुरुस्त होईल. आणि भूल देणारा डॉक्टर मिळेपर्यंत बाहेरून कुणी बोलवा, पण रूपी इथून पुढे जाणार नाही. फीत राहू दे."

तिथेच, चिंचेखाली, फोन लागले. डहाणूतल्या भूल देणाऱ्या डॉक्टर रश्मी बोलावलं की यायला तयार झाल्या. टाळ्या अशा पडल्या की मला बंद करावं लागलं.

पण शब्द दिला म्हणजे माणूस आला असं होत नाही. रूपीला कळा लागल्या त्या सकाळी शुक्री मला घेऊन पुन्हा चिंचेखाली हजर. "डाक्टरबाई आली नाय तर लगेच सुरू," म्हणाली, आणि बटणावर अंगठा ठेवून बसली. वर्षाताईही शेजारी येऊन बसली. निरोप आला, की हमरस्त्यावर चारोटीच्या नाक्याला ट्रकांची रांग लागलीय, गाडी अडकली आहे. शुक्रीने बटण अर्धं दाबून धरलं होतं, मला सगळं कळत होतं. वर्षाताईचं लक्ष रस्त्यावरून हलेना. आणि मग धूळ उडवत एक पांढरी गाडी वळली. डॉक्टर रश्मी पर्ससुद्धा न घेता आत धावल्या.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. परिचारिका दारात आली आणि हात उंचावून हसली. "मुलगी! दोघी छान आहेत!"

शुक्रीने मला झटकन तोंडाशी धरलं. तेवढ्यात वर्षाताईने दोन्ही हातांनी माझं तोंड दाबलं. "अगं बये, आत बाळंतिणी आहेत!" दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून आवाज न करता हसल्या, रडल्या. आणि मी? एवढी मोठी बातमी पोटात, आणि ओरडायची सोय नाही! फुटतो की काय असं झालं.

लेकीला नि नातीला डोळे भरून बघून झालं, तशी शुक्री जीप पकडून पाड्यावर आली. पाय जमिनीला लागताच तिने मला सुरू केलं. "रूपीला मुलगी झाली हो! आपल्या दवाखान्यात झाली!" माणसं दारादारांतून बाहेर आली. शुक्री पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, आणि मी प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठ्याने.

मित्रांनो, तुमच्या गावातही माझा एखादा भाऊ असेल. त्याला अडगळीत टाकू नका आणि त्याच्यावर शाली चढवू नका. आजाऱ्याच्या दारात त्याला गप्प बसवा, ते मला मान्य आहे. पण दवाखान्यात डॉक्टर नसेल तर रस्त्यापलीकडे जाऊन त्याला बोलू द्या. आणि तो तुमच्याविरुद्ध बोलणार असेल, तरी त्याचा पट्टा ओढू नका. माझ्या वर्षाने ओढला नाही, म्हणून एक पोरगी आज आपल्या गावाजवळ रडते आहे, तेही किती खणखणीत!