आज जंतू दिसले नाहीत

मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे, मित्रांनो, आणि मला राग आला आहे. म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असेल, पण आज ते जमणार नाही.

माझी भिंगे एका कारागिराने बारा दिवस घासली. तेव्हापासून मी एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत, बेसिनशेजारच्या टेबलावर आहे. लॅबवाल्या ताई मला वापरतात. काचपट्टी माझ्याखाली सरकवली की त्या डोळे मिटून पुटपुटतात, "देवा, खरं असेल तेच दिसू दे." चांगले दिसू दे, असे त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मला ती प्रार्थना आवडते, कारण माझेही काम तेच आहे. डॉक्टर मात्र हसायचे. "ताई, देवाला भिंगाचा नंबर विचारून घ्या!" हुशार माणूस, पण जिभेला हाड नाही.

एकदा पलीकडच्या गल्लीतला शिंपी आला. खोकून खोकून बेजार झालेला. त्याच्या बेडक्याच्या काचपट्टीवर, निळ्या रंगात, क्षयाच्या जंतूंच्या लाल काड्याच काड्या मी दाखवल्या. सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस चढले. याच सुमारास तो फुंकरबाबांकडेही जाऊ लागला होता. हे बाबा छातीवर फुंकर मारतात आणि रोग पळतो म्हणे. पुन्हा तपासणी झाली तेव्हा काचपट्टी स्वच्छ निघाली. ताईंनी चिठ्ठीवर लिहिले, 'आज जंतू दिसले नाहीत.'

शिंप्याचे डोळे भरून आले. "चमत्कार झाला, ताई! आता गोळी घेतली तर बाबांवर अविश्वास दाखवल्यासारखं होईल."

"अहो दादा, आज दिसले नाहीत म्हणजे संपले असं नाही. लपून बसतात मेले. अजून चार महिने घ्या."

तो ऐकत होता, मित्रांनो! चिठ्ठीची घडी करता करता त्याचा हात थांबला होता. तेवढ्यात डॉक्टर दारातून म्हणाले, "ज्यानं फुंकर मारली त्याच्याकडूनच घ्या ना औषध. इथं कशाला येता?" आणि हसले. शिंप्याचा चेहरा उतरला. उरलेल्या गोळ्यांचे पाकीट त्याने टेबलावर ठेवले आणि तो निघून गेला. ताई दोनदा त्याच्या घरी जाऊन आल्या. त्याने दार उघडले नाही.

ती चिठ्ठी फुंकरबाबांनी चौकट करून भिंतीवर लावली. मी खरे सांगितले, आणि त्या खऱ्यावर त्यांनी दुकान मांडले! तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला ना पाय ना मस्तक. शिंप्याचा खोकला परतला तेव्हाही बाबा फुंकरच मारत राहिले.

वर्षाच्या आत शिंपी गेला. मागे बायको आणि कॉलेजात जाणारी मुलगी राहिली. मुलगी खोकू लागली. तिच्या काचपट्टीवर त्याच लाल काड्या होत्या. ताईंनी डॉक्टरांना हाक मारली. त्यांनी माझ्यातून पाहिले आणि बराच वेळ मान वर केली नाही.

गोळ्या सुरू होऊन दोन महिने झाले तेव्हा मुलीची काचपट्टी स्वच्छ निघाली. तिची आई हात जोडून म्हणाली, "देवाचा चमत्कारच की हो!"

ताईंनी डॉक्टरांकडे पाहिले.

"असेल, वहिनी," डॉक्टर हळूच म्हणाले. "देवाचे आभार माना. आणि उद्याची गोळी घ्यायला हिला इथं माझ्यासमोर पाठवा."

"पाठवते. रोज पाठवते," ती म्हणाली.

मित्रांनो, माझी भिंगे पुसा, मला झाकून ठेवा, असे मी सांगणार नाही. धुळीने मी मरत नाही. तुमच्या घरात कोणी बरे वाटले म्हणून औषध सोडत असेल, तर त्याच्या देवाला हसू नका आणि त्याचा पिच्छाही सोडू नका. चमत्कार मानणाऱ्यालाही दुसऱ्या दिवशी गोळी घेता येते. एवढी साधी गोष्ट डॉक्टरांना कळावी म्हणून एका शिंप्याला मरावे लागले.