डॉलीची पेटी

माझ्या झाकणावर पूर्वी पिवळा रंग होता आणि त्यावर तीन पाकळ्यांचे काळे चिन्ह होते. आता दोन्ही उडाले आहेत. मित्रांनो, मी एक म्हातारी पेटी आहे आणि मी फार मत्सरी आहे. हे आधीच सांगून टाकते.

मला घडवले ते डॉलीसाठी. डॉली म्हणजे रस्त्याखालची माती किती घट्ट दबली आहे ते सांगणारे यंत्र. तिच्या दांडीच्या टोकाला वाटाण्याहून लहान असा किरणोत्सर्गी कण होता. त्यातून सतत निघणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, पण जवळ फार वेळ राहिले तर माणसाला बाधतात. म्हणून डॉली प्रवासात माझ्या पोटात बसायची. मला दोन कुलुपे, वर साखळी, आणि जागा ट्रकच्या हौद्यात अगदी मागे, चालकापासून लांब.

आमची मालकीण नोएलीन ट्रेगेन्झा. दक्षिण ऑस्ट्रेलियात सेडुना, स्ट्रीकी बे या भागातल्या रस्त्यांची माती तीच तपासायची. रोज संध्याकाळी ती डॉलीला मऊ फडक्याने पुसायची. दर सहा महिन्यांनी तिची तपासणी. "आज डॉलीने ठेकेदाराची लबाडी पकडली," असे ती कौतुकाने सांगायची. उन्हात काम असले की डॉलीवर छत्री धरायची. मी हौद्यात भाजत पडायची. मला नाव नव्हते. मी नुसती 'पेटी'.

नऊ वर्षे मी हे पाहिले आणि आतल्या आत जळत राहिले.

मग बेव्हन कामाला आला. पन्नाशीचा, आधी गव्हाचे ट्रक चालवलेला. नोएलीनने त्याला सगळे शिकवले: यंत्राचे कागद पुढे चालकाच्या हाताशी ठेवायचे, अंगावर किती किरण पडले ते नोंदणारा बिल्ला छातीवर लावायचा, दोन पावले जायचे असले तरी यंत्र पेटीत, पेटीला कुलूप, कुलपावर साखळी. बेव्हन हसून म्हणाला, की वीस वर्षे गहू वाहिला, कधी एक दाणा सांडला नाही.

एका मंगळवारी तो एकटाच मातीच्या लांब रस्त्यावर गेला. एका जागेचे मोजमाप संपले. पुढची जागा अर्ध्या किलोमीटरवर होती. त्याने डॉलीची दांडी वर ओढून कण आत बंद केला, एवढे बरे. पण तिला माझ्यात ठेवले नाही. हौद्याच्या उघड्या फाळक्यावर ठेवले, आणि तेवढ्यात ठेकेदाराचा माणूस रेडिओवरून बोलला, की पुढचे मोजमाप रद्द, ताबडतोब छावणीवर ये. बेव्हनने घाईने गाडी काढली.

पहिल्याच खड्ड्याला डॉली घसरली. माझ्या डोळ्यांदेखत ती धुळीत पडली.

खोटे कशाला बोलू? मला आनंद झाला. राहा आता उन्हात, असे मी मनात म्हटले. वीस किलोमीटर मी रिकाम्या पोटाने सुखाने धडधडत गेले.

छावणीवर नोएलीनने मला उतरवायला हात लावला आणि थांबली.

"बेव्हन, पेटी हलकी का लागतेय?"

त्याने उघड्या फाळक्याकडे पाहिले. त्याचा चेहरा पांढरा पडला.

"कुठं ठेवली होतीस तिला?"

"फाळक्यावर. पाच मिनिटांचं काम होतं गं."

"त्या रस्त्यावर आज स्टाव आहे," नोएलीन एवढेच म्हणाली आणि बेव्हनला घेऊन त्याच ट्रकमध्ये बसली.

घरी लहान मुली असलेला स्टाव रस्ता सपाट करणारे मोठे यंत्र चालवायचा. त्याचे लोखंडी पाते समोर येईल ते खरडून नेते. डॉली त्याखाली चिरडली आणि कण मातीत मिसळला असता, तर तो रस्ता किती दिवस बंद ठेवावा लागला असता कुणास ठाऊक. नोएलीन रेडिओवरून हाका मारत होती. उत्तर नव्हते. स्टाव गाणी मोठ्याने लावतो हे सगळ्यांना माहीत होते. तेव्हा मात्र माझा आनंद कुठल्या कुठे गेला. डॉली फुटली तर फुटू दे, पण स्टावचे काय? त्याच्या मुलींचे काय?

धूळ दिसली. नोएलीनने गाडी आडवी घातली. डॉली पात्यापासून दहा पावलांवर होती.

स्टावने खाली वाकून विचारले, "काय झालं? मला वाटलं कुणाचा तरी जेवणाचा डबा पडलाय. बाजूला लोटणारच होतो."

"खाली उतरू नकोस. मागे घे, स्टाव."

बेव्हन डॉलीकडे धावला. नोएलीनने त्याचा दंड धरला. "आधी मीटर." तिने किरण मोजणारे यंत्र पुढे धरून एकेक पाऊल टाकले. कण जागेवर होता. डॉलीचा फक्त एक कोपरा फुटला होता. मग डॉली माझ्यात आली, दोन्ही कुलुपे लागली. नोएलीन पुढे चालकाच्या जागी बसली आणि तिने घडलेले सगळे सरकारी कार्यालयाला गाडीच्या फोनवरून स्वतः कळवले. बेव्हन म्हणाला, "चूक माझी आहे, माझं नाव सांग." तिने सांगितले.

डॉली दुरुस्त होऊन आली ती नव्या पेटीतून. माझ्या बिजागऱ्या गंजल्या होत्या. आता मी गोदामात असते. नवीन माणूस आला की बेव्हन मला उघडतो, रिकामी दाखवतो आणि आपली चूक सांगतो. नंतर नवी पेटी डॉलीला घेऊन बाहेर जाते, आणि मी पुन्हा जळते. स्वभाव जात नाही.

मित्रांनो, रस्त्यात पिवळ्यावर तीन काळ्या पाकळ्यांचे चिन्ह असलेली वस्तू पडलेली दिसली तर हात लावू नका. लांब उभे राहा, येणाऱ्याला थांबवा, मोठ्यांना कळवा. आणि मोठे होऊन कधी असे काही नेण्याचे काम आलेच, तर अर्धा किलोमीटर हे अंतर थोडे समजू नका. तेवढ्या अंतरासाठी केलेला आळस एका माणसाच्या जिवावर उठला होता, आणि मी हेव्यापायी खूश होत होते.