मशीनचं अर्धं गाणं

आमच्या लॉन्ड्रीतलं मशीन धुणं संपलं की एक धून वाजवतं. ती कुणी पूर्ण ऐकलेली नाही, कारण दार उघडलं की ती बंद पडते, आणि मालकीणबाईंना मशीन क्षणभरही रिकामं बसलेलं खपत नाही. त्यामुळे सुरुवातीचा तुकडा तेवढा माझ्या डोक्यात ठाण मांडून बसला. भांडी घासताना तोच, झोपताना तोच. नवऱ्याशी भांडायला लागले तर शब्दसुद्धा त्याच चालीवर पडायचे. नुसता वैताग.

इस्त्री करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "अगं, अर्धं राहिलेलंच डोक्यात घोळत राहतं. एकदा शेवटपर्यंत ऐक, जाईल निघून."

मला पटलं. मालकीणबाई कामासाठी बाहेर पडल्या, तशी मी मशीनसमोर हाताची घडी घालून उभी राहिले. धून वाजली. दार उघडायची जागा आली, हात शिवशिवले, पण मी हलले नाही. धून पुढे गेली, तिनं एक सुरेख वळण घेतलं आणि ती संपली. डोक्यात एकदम सामसूम झाली.

हलकी होऊन घरी आले, तर नवरा बाथरूममध्ये शीळ घालत होता. तीच धून, माझ्याकडूनच लागलेली. दार उघडायच्या जागेपाशी तो अडायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा.

मला त्याची दया आली. म्हटलं, बिचाऱ्याला शेवट तरी ऐकवू. दाराशी उभी राहिले, तोंड उघडलं, आणि बाहेर पडली ती सुरुवातच.