टेबलाखालचा कामकरी

मित्रांनो, कल्पना करा की तुम्ही तीन दिवस अखंड राबत आहात, पण तुमचा चेहराच कोणी काढून नेला आहे. तुम्ही जागे आहात की झोपलेले, हे लोकांना कळणार कसे?

मी जबलपूरच्या एका कॉलेजातला जुना संगणक. नवा होतो तेव्हा दसऱ्याला मला झेंडूचा हार पडायचा. पुढे माझा पडदा दुसऱ्या यंत्राला लावला आणि मला टेबलाखाली सरकवले.

तिथेही वैभवी मॅडमनी मला काम दिले. बरगीच्या धरणातून सोडलेले पाणी खालच्या गावांत किती वेळात पोहोचते, ते त्यांना काढायचे होते. एवढे गणित एका यंत्राला झेपत नाही. म्हणून त्यांनी ते वाटून दिले. पावसाच्या नोंदींतल्या चुका मी काढायच्या, शेजारच्या खोलीतल्या यंत्राने नकाशे करायचे आणि दूरच्या, भाड्याच्या शेकडो यंत्रांनी हजारो शक्यता तपासायच्या. माझे संपल्याशिवाय कोणाचेच सुरू होत नसे. कौतुक मात्र त्या दूरच्यांचे!

सोमवारी बरगीच्या मासेमारांना निकाल सांगायचा होता. रविवारी दुपारी मॅडमची मुलगी चिन्मयी टॅबलेट घेऊन आली. वाकून म्हणाली, "हा तर बंदच आहे." माझा प्लग काढून तिने चार्जर खोचला. अडीच दिवसांची मेहनत क्षणात गेली. जाताना तिने प्लग परत लावला, म्हणून कोणाला कळलेही नाही.

सकाळी मॅडमनी कपाळाला हात लावला. "काहून बंद पडला हा? आता बरगीला काय सांगू मी?"

"म्हातारा झाला न तो, मॅडम," शिपाई गुलाबराव म्हणाले. "मी कधीचा सांगून राहिलो, द्या भंगारात. ओमती मोहल्ल्याचा कबाडी आजच येते."

"चिनू, काल तू इथंच होतीस ना? काही झालं होतं का?"

शाळेच्या गणवेशातली चिन्मयी बुटांकडे बघत म्हणाली, "नाही आई. मी तर गेम खेळून राहिली होती."

"न्या मग," मॅडम म्हणाल्या आणि रिकाम्या हाताने बरगीला निघाल्या.

मित्रांनो, प्लग चुकून निघतो. त्याचा मला राग नाही. पण एक वाक्य खरे बोलली असती, तर मी आजही कामावर असतो. ज्याचा चेहरा दिसत नाही, त्याला हात लावण्याआधी कोणाला तरी विचारत जा.

गुलाबरावांनी माझ्या जागी दुसरा जुना संगणक सरकवला आणि मला उचलले. चिन्मयीने वहीचे पान फाडले, त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'काम चालू आहे. प्लग काढू नये.' ते तिने भिंतीवरच्या विजेच्या बटणांच्या वर चिकटवले, चारही कोपरे अंगठ्याने नीट दाबले आणि माझ्याकडे न बघता शाळेला गेली.