दांडीमागची जागा

मी एक पेटी आहे. झाकण नसलेली, दोन माणसं पाय दुमडून बसतील एवढी मोठी. माझ्यात कुणी कधी धान्य ठेवलं नाही की कपडे ठेवले नाहीत. मला पिलांसाठी केलं होतं आणि पिलं झालीच नाहीत. खरं तर गोष्ट एवढीच, पण तुम्ही बसलाच आहात तर सांगते.

मला करणारा सुतार घरचाच, थोरलीचा मालक. थोरली म्हणजे त्याची कुत्री, उंच जातीची, वासराएवढी. मुलगा परगावी नोकरीला गेल्यावर नवरा-बायकोनं तिला आणलं, म्हणजे वयानं घरात तीच सगळ्यांत धाकटी. पण तिनं शेपटी हलवली की टेबलावरचे कप खाली. त्यामुळे थोरली हेच नाव चिकटलं.

सुतारानं तिला जमिनीवर आडवी करून टेपनं मापलं. तिला वाटलं खेळ चाललाय, तिनं टेप चावली. त्या मापानं माझ्या फळ्या कापल्या गेल्या. मग आतून, चारही भिंतींपासून हाताचा पंजा मावेल एवढं अंतर सोडून, त्यानं गोल दांडी बसवली. एवढ्या मोठ्या आईला कुशीवर वळताना मागे कोण आहे ते कळत नाही आणि पिल्लू भिंतीशी चेंगरतं. दांडी असली की आईची पाठ तिथंच अडते, पिल्लू मागच्या जागेत सुखरूप राहतं. त्या दांडीला त्यानं इतका पॉलिश पेपर मारला की बायको म्हणाली, "आपल्या पलंगाला तुम्ही एवढा हात लावला नव्हता."

खरं तर घाईच झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं, दोन वर्षं पुरी होऊ द्या, खुब्यांचा एक्स-रे काढू, हृदय तपासू, मगच ठरवा. दोघं इमानेइतबारे थांबलेही. पण शेवटी शेवटी सुताराचे हात शिवशिवायला लागले. एक्स-रे चांगलाच येणार, असं तो धरूनच चालला होता.

बायकोला एकच पिल्लू हवं होतं. अशी मोठी कुत्री फार वर्षं जगत नाहीत, हे तिला ठाऊक होतं. थोरली गेल्यावर तिचं काहीतरी घरात राहावं, एवढंच तिचं म्हणणं.

एक्स-रेत उजव्या खुब्याची वाटी उथळ निघाली. वजन आटोक्यात ठेवलं तर थोरली बरी चालेल, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण हे दुखणं पोटच्या पिलांत उतरू शकतं. काही पिलं धडधाकट निघतील, काहींना मोठं होता होताच उठणं जड जाईल. कोणती, ते आधी सांगता येत नाही.

मग ज्या नराशी थोरलीची जोडी लावायचं ठरलं होतं, त्याचा मालक आला. माणूस वाईट नव्हता, थोरलीसाठी बिस्किटं घेऊन आला होता. त्यानं मला थोपटून पाहिलं. कुत्री दिसायला ठणठणीत आहे, एक्स-रे कोण मागतंय, सगळे असंच करतात, असं म्हणून तो चहा पिऊन गेला. नवरा-बायको माझ्या काठावर बसून राहिले.

"थोरलीला आणायला गेलो, तेव्हा तिची आई बघितली होती ना आपण?" बायकोनं विचारलं.

"बघितली की. बसली होती."

"उठली होती का?"

सुतारानं नकारार्थी मान हलवली.

"तुला पिल्लू हवं होतं," तो म्हणाला.

"हवंच आहे. पण कुणाच्या दारात असं बसून राहणारं नको."

नराच्या मालकाला नकार तिनंच कळवला, आणि पिलं होऊ नयेत म्हणून करायच्या ऑपरेशनची वेळही तिनंच घेतली. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. घरातही कुणी रडलं नाही. पिलांसाठी काढलेल्या जुन्या चादरींच्या घड्या करून तिनं त्या कपाटात ठेवल्या आणि दिवा लावला.

ऑपरेशन झाल्यावर थोरलीला गुंगीतच घरी आणलं. पाय उचलावा लागू नये म्हणून सुतारानं माझी पुढची फळी तिच्या दांडीसकट काढून टाकली. चादरी पुन्हा बाहेर आल्या. पाठीला टोचेल म्हणून तो उरलेल्या दांडीचे स्क्रूही काढायला लागला.

"ती राहू द्या," बायको म्हणाली. त्यानं पेचकस खिशात घातला.

आता थोरलीच्या तोंडावरचे केस पांढरे झालेत. उठताना ती जरा थांबते. तुमच्या घरी अशी थोरली असेल तर पेटीची घाई करू नका. आधी एक्स-रे काढा, आणि तिच्या आईला उठवून चार पावलं चालवून बघा. पेटी काय, केव्हाही होते.

दुपारी थोरली येते आणि दांडीला पाठ लावून झोपते. तिच्या मागे पंजाभर जागा उरते. बायको रोज त्या जागेतून फडकं फिरवते, तिथं काही सांडलेलं नसलं तरी. मी ती जागा धरून ठेवते. मला तेवढंच येतं.